५० ग्रे मोजतं कोण? रेडिएशनच्या मात्रेबद्दल एका मेडिकल फिजिसिस्टचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी ऑपरेशननंतर रेडिएशन सुरू झालंय, २५ सिटिंगमध्ये एकूण ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). तुम्ही कुठेतरी वाचलंत की ४-५ ग्रेमध्ये माणूस दगावतो, आणि तेव्हापासून झोप उडालीय. मशीन सांगितलं तेवढंच देतं हे कोण बघतं, हा दुसरा प्रश्न. आणि गरोदर बहीण माहेरी आलेली आहे, तिने आईपासून लांब राहायचं का, हा तिसरा. मी पुण्यात मेडिकल फिजिसिस्ट आहे. डॉक्टर मात्रा लिहून देतात, ती मोजायचं काम आमचं. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलणार आहे.

आधी ४ आणि ५० चा घोळ. तुम्ही वाचलेला आकडा खोटा नाही. संपूर्ण शरीराला एका दमात साधारण ४ ग्रे बसले आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, तर त्यातली निम्मी माणसं काही आठवड्यांत जातात, कारण रक्त तयार करणारा अस्थिमज्जा सगळीकडचा एकदम मार खातो. आईच्या बाबतीत मात्रा पडतेय ती छातीच्या एका भागावर. बाकीच्या शरीरातल्या मज्जेला तिचा जवळजवळ पत्ताही लागत नाही. शिवाय ती रोज २ ग्रे अशी पडते, आणि दोन सिटिंगच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपली मोडतोड बरीचशी दुरुस्त करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. सगळी किमया या फरकात आहे. म्हणूनच शेजारच्या काकूंना ४० ग्रेच का दिले आणि आईला ५० का, ही तुलना करू नका. १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे आणि २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे यांचा परिणाम जवळपास सारखाच असतो, कारण पहिल्यात रोजची मात्रा मोठी असते. आता बरीच केंद्रं १५ सिटिंगवालीच पद्धत वापरतात.

आणखी एक. ग्रेचे सीव्हर्ट करून इंटरनेटवरच्या तक्त्यात शोधत बसू नका. सीव्हर्ट हे एकक कमी मात्रेमुळे पुढे कधीतरी कर्करोग होण्याचा जो धोका असतो, त्याच्या हिशोबासाठी आहे. छातीचा एक्स-रे ०.१ मिलिसीव्हर्टच्या आत, पोटाचा सीटी साधारण ८ ते १०, आणि जमीन, हवा, अवकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात, अशा तुलना तिथे शोभतात. उपचाराच्या मात्रेला तो हिशोब लागू होत नाही.

आता मोजण्याकडे. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा जिरणं. ७० किलोच्या माणसाला मारू शकणारे ४ ग्रे म्हणजे सगळे मिळून २८० ज्यूल. गरम चहाचा एक छोटा घोट प्यायलात तर तेवढी उष्णता पोटात जाते. शरीराचं तापमान त्याने एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढतं. इजा होते ती उष्णतेने नाही, डीएनएचे धागे तुटल्याने. याचा अर्थ असा की पेशंटला टेबलावर काहीच जाणवत नाही, टेक्नॉलॉजिस्टला काही दिसत नाही आणि डॉक्टरांनाही त्या दिवशी काही कळत नाही. ऑपरेशनमध्ये चुकलं तर समोर दिसतं. इथे २५ टक्के जास्त दिलं तरी त्वचा बोलायला दोन-तीन आठवडे घेते आणि फुप्फुस कित्येक महिने. २५ टक्के कमी दिलं तर ते कळतं गाठ परत आल्यावर, आणि तेव्हाही आजारच वाईट होता असं म्हणून सगळे गप्प बसतात. त्यामुळे मोजणं हाच आमचा एकमेव डोळा.

मोजायचं साधन दिसायला अगदी मामुली असतं. बोटाएवढ्या नळीच्या टोकाशी ०.६ घनसेंटिमीटर हवेची पोकळी, तिला आम्ही फार्मर चेंबर म्हणतो. किरण आले की त्या हवेत विद्युतभार सुटतात. ते इलेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र गोळा करून नॅनोकूलोंबमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या एका बारीक मापात, आकडा दाखवतं. चेंबर पाण्याच्या टाकीत १० सेंटिमीटर खोल बुडवून ठेवायचा, किरणांची खिडकी, म्हणजे फील्ड, १० बाय १० सेंटिमीटर उघडायची, १०० मॉनिटर युनिट (हे माप पुढे सांगतो) द्यायची आणि रीडिंग घ्यायचं. पाणीच का, तर किरणांच्या दृष्टीने मऊ ऊती आणि पाणी जवळपास सारखेच. ही पद्धत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या नियमावलीत बारकाईने लिहिलेली आहे. ती २००० साली आली आणि २०२४ मध्ये सुधारून निघाली. जगभरच्या बऱ्याचशा लिनॅकची, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या विजेवरच्या मशीनची, मात्रा तिच्यानुसारच मोजतात.

मॉनिटर युनिट हे मशीनच्या डोक्यातल्या मीटरचं माप. आम्ही ते असं जुळवून ठेवतो की ठरलेल्या परिस्थितीत, किरण जिथे सर्वांत तीव्र असतात त्या खोलीवर, १०० युनिटला बरोबर १ ग्रे पडावा. मशीनमध्ये असे दोन स्वतंत्र मीटर असतात. पहिला थांबवायला चुकला तर दुसरा बीम बंद करतो.

आता एक बारकावा सांगतो, कारण आमच्या धंद्यातली खरी गोम त्यात आहे. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेला खुली असते. हवा विरळ झाली की तेवढ्याच किरणांत विद्युतभार कमी सुटतात, म्हणून तापमान आणि हवेचा दाब बघून रीडिंग दुरुस्त करावं लागतं. संदर्भ २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीचा. मुंबईत हा दुरुस्तीचा गुणक १ च्या आसपासच राहतो. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे दाब ९४.८ किलोपास्कलच्या आसपास असतो. खोली २३ अंशांवर असेल तर गुणक येतो १.०८, म्हणजे रीडिंग ८ टक्क्यांनी वाढवायचं. आता समजा एखाद्याने बॅरोमीटर बिघडला म्हणून मोबाइलवर हवामान बघितलं. तिथे पुण्याचा दाब १०१० मिलिबार असा दिसतो. तो आकडा खोटा नसतो, पण हवामानवाले सगळ्या गावांचे दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतात. तो टाकला की गुणक येतो १.०१, मशीन ६ टक्के कमी देतंय असं वाटतं, आणि ते ‘दुरुस्त’ केलं की त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला ६ टक्क्यांहून जास्त मात्रा जायला लागते. कुणाच्याही लक्षात न येता. नव्याने आलेल्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: आज बाहेर दाब किती आहे, आणि तो तुम्ही कुठून घेतला?

तसंच पाण्याचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून भरलेलं पाणी तिशीच्या वर असतं आणि खोलीतला एसी २२ वर. चेंबर पाण्यात जाऊन पाण्याच्या तापमानाला आला नाही तर थर्मामीटर एक सांगतो आणि पोकळीतली हवा दुसरंच. म्हणून टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची. पावसाळ्यात केबलच्या जोडाला ओल धरते आणि बीम बंद असतानाही इलेक्ट्रोमीटर हळूहळू आकडा चढवत राहतो. तो कोरडा होईपर्यंत मोजमाप सुरू करायचं नाही. ही कामं सांगायला क्षुल्लक आहेत, पण एका टक्क्याची किंमत अशाच गोष्टींत दडलेली असते.

चेंबर स्वतः बरोबर आहे हे कोण सांगतं? आपल्याकडे ते काम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं. तिथल्या प्रयोगशाळेत चेंबर ठरावीक काळाने कॅलिब्रेशनला, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळायला, जातो. आम्ही तो मांडीवर घेऊन स्वतः नेतो, कुरिअरच्या हवाली करायला जीव धजत नाही. त्यांची मोजमापं पुढे पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाशी पडताळलेली असतात. म्हणजे आईला मिळणाऱ्या २ ग्रेचा धागा तिथपर्यंत जातो.

रोजचं म्हणाल तर सकाळी पहिला पेशंट आत येण्याआधी आउटपुट, म्हणजे मशीन किती मात्रा देतंय ते, बघितलं जातं. रोजच्या तपासणीत ३ टक्क्यांच्या पलीकडे फरक दिसला तर पेशंट थांबवून कारण शोधायचं. महिन्याच्या सविस्तर तपासणीत सूट २ टक्के आणि वार्षिकमध्ये १ टक्का. एवढी घासाघीस कशासाठी, तर शेवटी पेशंटच्या शरीरात पडणारी मात्रा लिहून दिलेल्या मात्रेच्या ५ टक्क्यांच्या आत असावी, हे जुनं आणि अजून टिकलेलं उद्दिष्ट. साखळीत चेंबर आहे, मशीन आहे, कॉम्प्युटरवरचं प्लॅनिंग आहे आणि पेशंटचं रोज तसंच झोपणं आहे. प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं तरी ५ टक्के कधीच संपतात.

प्लॅनिंगबद्दल एवढंच सांगतो की ‘५० ग्रे’ म्हणजे स्तनाच्या प्रत्येक बिंदूवर अगदी ५० असं नसतं. ९५ ते १०७ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, म्हणजे कुठे ४७.५ तर कुठे ५३.५. डाव्या बाजूला खरी काळजी हृदयाची. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांवरचा २०१३ सालचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात हृदयाच्या सरासरी मात्रेत दर एका ग्रेमागे पुढच्या आयुष्यातल्या गंभीर हृदयविकाराचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हे ७ टक्के मूळच्या धोक्यावरचे आहेत, घाबरून जाऊ नका. पण डॉक्टरांना हृदयाची सरासरी मात्रा किती आली हे जरूर विचारा. प्लॅनमध्ये तो आकडा असतो आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. श्वास भरून धरायला शिकवत असतील तर ते याचसाठी. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं.

एवढं असूनही चुका कशा होतात? मोठ्या चुका क्लिष्ट भौतिकशास्त्रात होत असतील असा लोकांचा समज असतो. नोंदी वेगळंच सांगतात. १९९६ साली कोस्टा रिकातल्या सान होसेमध्ये उपचाराच्या मशीनमध्ये किरणोत्सारी कोबाल्टचा नवा स्रोत बसवला. टायमर मिनिटाच्या दशांशात होता. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद, पण हिशोबात ते ३० सेकंद धरले गेले. स्रोत आहे त्यापेक्षा मंद वाटला, म्हणून प्रत्येकाला जास्त वेळ ठेवलं, आणि शंभराहून जास्त पेशंटना दीडपटीहून अधिक मात्रा गेली. इंग्लंडमध्ये एक्सेटरला १९८८ साली असाच नवा कोबाल्ट स्रोत मोजताना चूक झाली आणि २०७ जणांना २५ टक्के जास्त मिळालं. काही महिन्यांनी बाहेरचे लोक तुलनात्मक मोजमाप करायला आले तेव्हा ती सापडली. फ्रान्समध्ये तुलूझला २००६-०७ मध्ये डोक्यातल्या बारीक फील्डसाठी गरजेपेक्षा मोठा चेंबर वापरला, १४५ पेशंटना फटका बसला.

मला यापेक्षाही बोचणारा प्रकार इंग्लंडमधल्याच नॉर्थ स्टॅफर्डशरचा. १९८२ साली तिथे प्लॅनिंगचा कॉम्प्युटर आला. मशीनपासून पेशंटच्या अंतराप्रमाणे मात्रेची दुरुस्ती तो स्वतःच करत होता, पण माणसं सवयीने ती पुन्हा हाताने करत राहिली. मात्रा कमी पडत गेली. तब्बल ९ वर्षं आणि सुमारे १,००० पेशंट. १९९१ मध्ये नवी यंत्रणा बसवताना आकडे जुळेनात, तेव्हा उलगडा झाला. जास्त मात्रेची बातमी होते, कमी मात्रेची होत नाही, आणि माझ्या मते कमी मात्रा हाच आपल्याकडचाही जास्त छुपा धोका आहे.

या सगळ्यात एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी कुणा एकाने मोजलं किंवा हिशोब केला, आणि दुसऱ्या कुणी वेगळ्या साधनाने तो पडताळला नाही. म्हणून मला विचाराल तर हॉस्पिटलचं मशीन किती नवं आहे यावर फार जाऊ नका. लॉबीत लावलेल्या फोटोंवर तर मुळीच नाही. त्यांचं आउटपुट बाहेरच्या कुणी तपासलंय का, ते बघा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने अशी तपासणी करतात, आणि भाभा केंद्रही देशातल्या हॉस्पिटलांसाठी करतं. छोट्या कुप्या येतात, त्यांना ठरलेली मात्रा देऊन परत पाठवायचं, आणि तिथे ते आपल्याला न विचारता मोजतात. उत्तर येईपर्यंत थोडी धाकधूक असतेच, कितीही वर्षं काम केलेलं असलं तरी.

तुम्ही विचारायचं काय, तर सरळ फिजिसिस्टला भेटायचं आहे म्हणा. केंद्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना आणि मान्यताप्राप्त रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर (बहुधा फिजिसिस्टच) लागतोच, त्याशिवाय मशीन चालवता येत नाही. त्यामुळे तो माणूस तिथे असणारच. आईच्या प्लॅनची मॉनिटर युनिट दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने तपासली का, प्लॅन आयएमआरटीचा (किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या पद्धतीचा) असेल तर तो मशीनवर फॅन्टममध्ये, म्हणजे शरीराऐवजी ठेवलेल्या नमुन्यात, चालवून बघितला का, शेवटचं बाहेरचं ऑडिट कधी झालं, एवढं विचारा. चांगला फिजिसिस्ट या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूष होतो. आम्हाला तळघरात येऊन कुणी काही विचारत नाही हो.

टेक्नॉलॉजिस्ट बटण दाबायच्या आधी बाहेर पळतो आणि आईला एकटीला आत ठेवतो, हे बघून तुम्हाला वाईट वाटलं असेल. आईला एका उपचारापुरती, तिच्या फायद्यासाठी मात्रा मिळते. त्याला रोज तीस-चाळीस पेशंट, वर्षानुवर्षं, कसलाही फायदा नसताना. म्हणून त्याच्यासाठी मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि आपल्याकडे कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. त्याच्या छातीवरच्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. तापवल्या की साठवलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतात, आणि त्यावरून तीन महिन्यांची मात्रा कळते. लिनॅकवर काम करणाऱ्यांचे बॅज बहुतेक वेळा जवळजवळ कोरेच येतात, भिंती तेवढ्या जाड असतात. जास्त आकडे कॅथलॅबमधल्या (अँजिओग्राफीच्या खोलीतल्या) आणि सी-आर्मशेजारी, म्हणजे ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राशेजारी, उभं राहणाऱ्या डॉक्टरांचे येतात. खरं तर यायला हवेत, पण त्यांच्यातले कितीतरी बॅज ड्रॉवरमध्ये पडून असतात, आणि मग रिपोर्टवर ड्रॉवरची मात्रा येते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. सणवार, लग्न, गावची जत्रा म्हणून सिटिंग बुडवू नका. तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबला तर वाया गेलेल्या दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. स्तनाच्या बाबतीत इतकं कडक नाही, तरी शिस्त तीच ठेवावी. मशीन बंद पडून दिवस गेला तर तो शनिवारी भरून काढणार का, ते विचारा. आणि आईच्या अंगावरच्या शाईच्या खुणा अंघोळीत घासू नका. पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवायच्याही नाहीत, टेक्नॉलॉजिस्टला सांगा.

राहिला बहिणीचा प्रश्न. लिनॅक म्हणजे विजेवर चालणारं यंत्र. बीम बंद झाला की आईच्या अंगात काहीही उरत नाही, कपड्यांत नाही, घामात नाही. बहिणीने तिच्याजवळ बसावं, जेवावं, एकाच खोलीत झोपावं, पोटातल्या बाळाला काही धोका नाही. फक्त ट्रीटमेंट रूमच्या आत जायचं नाही, पण तसं तर कुणालाच जाऊ देत नाहीत. अपवाद आहे तो वेगळ्या तपासण्यांचा. पेट-सीटी किंवा बोन स्कॅनमध्ये किरणोत्सारी औषध खरंच शरीरात टोचतात. पेटमधल्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, बोन स्कॅनच्या औषधाची दर ६ तासांनी. त्यामुळे त्या दिवशी आई घरी आली की तिला भरपूर पाणी प्यायला द्या, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बहिणीने तिच्यापासून दोन-तीन हात लांब राहावं. अशा तपासणीला आईसोबत तुम्ही जा, बहिणीला पाठवू नका.